राईस कुकरचा भात बिघडतो कुठे? या चुका टाळा

शिट्ट्या मोजायची सवय असलेल्या घरात राईस कुकर आला की पहिले चार-आठ दिवस भाताचं काही खरं नसतं. एकदा गिचका, एकदा कचवट, एकदा तळाला लागलेला. दोष तांदळाला जातो, नाहीतर कुकरला. पण या यंत्राला एकच गोष्ट कळते: भांड्याचा तळ किती तापलाय. आत बासमती आहे की इंद्रायणी, तांदूळ भिजवला होता की नाही, यातलं त्याला काही ठाऊक नसतं.

बटणाच्या साध्या कुकरात तापणाऱ्या तव्याच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक गोल टिकली असते. तिच्या आत चुंबक. भांड्यात पाणी आहे तोवर तळ शंभर अंशांच्या आसपास राहतो. पाणी काही तांदळात जिरतं, काही वाफ होऊन जातं, आणि तळ कोरडा पडला की तापमान चढायला लागतं. साधारण १०३ अंशांला टिकलीतलं चुंबकत्व इतकं ढिलं पडतं की स्प्रिंग खटका सोडते. 'टक्' आवाज येतो आणि दिवा वॉर्मवर जातो. तोशिबाने १९५५ साली जपानमध्ये आणलेल्या स्वयंचलित कुकरात चुंबक नव्हता. तिथे बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी घालत आणि ते आटलं की चढलेल्या उष्णतेने पट्टी वाकून वीज तुटे. तत्त्व तेच. बटण उडालं म्हणजे तळाचं पाणी संपलं, एवढंच. भात शिजला की नाही हे तुम्ही पाणी किती घातलं होतं त्यावर.

'एकास दोन' वर विसंबणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती सुगरणीही करतात. प्रेशर कुकरमध्ये वाफ कोंडलेली असते, त्यामुळे तिथे प्रमाण दुप्पट म्हणजे दुप्पट चालतं. राईस कुकरच्या झाकणाला भोक असतं आणि तिथून वाफ सतत जात राहते. गंमत अशी, की तांदूळ एक कप असो वा चार, वाफेवाटे जाणारं पाणी जवळजवळ तेवढंच असतं: घरगुती कुकरात अर्धा ते पाऊण कप. म्हणून पाण्याचे दोन भाग धरायचे. एक भाग तांदूळ पिणार तो, दुसरा वाफेचा.

कोलमचा वरणाबरोबर कालवता येईल असा मऊ भात हवा असेल, तर तांदळाच्या दीडपट पाणी आणि वर पाऊण कप. एक कप तांदळाला सव्वादोन कप, दोन कपांना पावणेचार, चार कपांना पावणेसात. चार कपांना आठ कप घातले तर गिचका ठरलेला. याउलट फक्त एका कपाला दीड कप घातलं, की तळ लवकर कोरडा पडतो, बटण वेळेआधी उडतं आणि शिताच्या पोटात कणी राहते. पुलावासाठी जुना बासमती मोकळा हवा असेल तर सव्वापट अधिक पाऊण कप पुरतं. हातसडीच्या तांदळाला पावणेदोनपट अधिक पाऊण कप लागतं.

तुमच्या कुकरात वाफेवाटे नेमकं किती जातं हे काढायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. तांदूळ-पाणी घातलेलं भांडं कुकरात ठेवण्याआधी तोला, भात मुरल्यावर पुन्हा तोला. १३० ग्रॅम कमी भरले तर तुमचा 'वाफेचा भाग' १३० मिली. एकदा काढलेला हा आकडा त्या कुकरापुरता कायमचा कामाला येतो. झाकण बदललं किंवा घट्ट बसेनासं झालं, तरच तो बदलतो.

कप कोणता, हाही घोळ आहे. अनेक कुकरांसोबत येणारा प्लास्टिकचा कप १८० मिलीचा असतो. त्यात जवळपास १५० ग्रॅम तांदूळ मावतो. तो हरवला की आमटीची वाटी हातात येते. हरकत नाही, पण मग तांदूळ आणि पाणी दोन्ही त्याच वाटीने मोजा आणि वाफेचा भाग मिलीत धरा. भांड्यातल्या रेघा मात्र त्या सोबतच्या कपासाठी आखलेल्या असतात. अमेरिकेत किंवा जपानमध्ये जपानी कुकर घेतलेल्यांचा कोलम कायम कचवट होतो त्याचं कारण हेच: रेघा आखूड दाण्याच्या, चिकट जपानी तांदळासाठी आहेत. त्याला पाणी कमी लागतं.

नवा-जुना हा फरक कप-वाटीपेक्षाही जास्त छळतो. दिवाळीच्या सुमारास आलेला नवा इंद्रायणी किंवा आंबेमोहर पाणी कमी पितो आणि मुळात चिकट. दोन कपांमागे पाव ते अर्धा कप पाणी कमी घाला. तोच तांदूळ वर्षभर मुरला की हिशोब मूळपदावर येतो. नवीन पोतं उघडलं की पहिला भात एकाच कपाचा करून पाहावा.

धुऊन, न निथळता पुन्हा मोजून पाणी

तांदूळ दोन-तीनदा धुवा, पाणी थोडं गढूळ राहिलं तरी चालेल. अगदी आरशासारखं होईपर्यंत चोळत बसू नका, दाणे मोडतात आणि मोडलेल्या कणीमुळेच भात चिकटतो. धुतल्यावर रोवळीत किंवा चाळणीत पाच मिनिटं निथळू द्या. आजकाल ही पायरी सगळे गाळतात. हाताने अडवून पाणी ओतलं की तळाशी अर्धी वाटी उरतेच, आणि वर पुन्हा पूर्ण मापाचं पाणी पडतं.

भिजवलेल्या तांदळाचं तसंच. अर्धा तास भिजलेला दाणा स्वतःच्या वजनाच्या पाव हिश्श्याएवढं पाणी पिऊन बसलेला असतो. म्हणजे एका कपामागे साधारण ४० मिली. सोपा उपाय: धुऊन, निथळून, मोजलेल्या पाण्यातच कुकरच्या भांड्यात भिजत ठेवा आणि त्याच पाण्यात शिजवा. मग वजाबाकी करायची गरजच नाही. कोलमला २० मिनिटं, बासमतीला ३०, हातसडीला निदान दोन तास. हातसडी आणि कोलम अर्धा-अर्धा करणाऱ्यांनी हातसडी आधी वेगळा भिजवावा आणि कोलम शेवटच्या वीस मिनिटांत मिसळावा. दोन्ही एकदम टाकले तर एक गळतो आणि दुसरा चावावा लागतो.

कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ या यंत्रात घालताना जरा विचार करा. त्याला भरपूर पाणी आणि वेळ लागतो, पेज वर येते आणि झाकणाच्या भोकातून ओट्यावर वाहते. चार तास भिजवून, भांडं एक-तृतीयांशच भरून करता येतो. पण पेज वेळून काढायची असेल तर जाड बुडाचा टोप आणि गॅस हेच बरं.

रेशनच्या तांदळाबद्दल एक सांगायलाच हवं. तो फोर्टिफाइड असेल तर त्यात शंभर दाण्यांमागे साधारण एक दाणा वेगळा असतो: तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून साच्यातून काढलेला. तो जरा वेगळा दिसतो, कधी पाण्यावर तरंगतो, म्हणून 'प्लास्टिकचा तांदूळ' म्हणून लोक वेचून फेकतात. नेमकं पोषणच कचऱ्यात जातं. हा तांदूळ एक-दोनदाच हलक्या हाताने धुवा. कुकरात पाणी ओतून द्यावं लागत नाही, त्यामुळे विरघळलेलं भातातच राहतं.

बटणाशी झटापट

बटण उडालं, झाकण उघडलं, वरचा भात जरा ओला दिसला की पुन्हा बटण दाबायचं. ते लगेच वर येतं, कारण टिकली अजून गरम आहे आणि चुंबक धरत नाही. मग काही जण बटणाखाली काडी अडकवतात. तसं कधीही करू नका. कुकरचं मुख्य राखण तुम्ही बांधून ठेवलेलं असतं, आणि तळ जळेपर्यंत तो थांबणार नाही.

वरचा ओलेपणा हा बहुतेक वेळा कच्चेपणा नसतो. वरच्या थरातली वाफ अजून शितात जिरायची असते. बटण उडाल्यावर झाकण न उघडता १० ते १५ मिनिटं थांबा. मग लाकडी किंवा प्लास्टिकच्या पळीने कडेकडेने सोडवत खालचा भात वर आणा आणि झाकण दोन मिनिटं तिरपं ठेवा, म्हणजे झाकणाला जमलेलं पाणी परत भातात पडत नाही. मुरूनही शितात कणी राहिली, तर कपामागे तीन-चार चमचे उकळतं पाणी सगळीकडे शिंपडा, झाका, टिकली निवेपर्यंत थांबा आणि मगच बटण दाबा. गार पाणी घातलं तर शितं फुटतात.

महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटरच्या उंचीवर पाणी ९५-९६ अंशांलाच उकळतं. तिथे भिजवणं आणि मुरवणं दोन्ही दहा-दहा मिनिटांनी वाढवा, पाणीही दोन-तीन चमचे जास्त. गावाकडे व्होल्टेज पडतं तेव्हा मात्र पाणी वाढवून उपयोग नाही. २३० ऐवजी १८० व्होल्ट आले तर ७०० वॅटचा कुकर जेमतेम सव्वाचारशे वॅटचं काम करतो. भात होतो, पण उशिरा. घाई करून झाकण उघडलं की वाफ जाते आणि अजून उशीर.

भांड्याखालचं एक शीत

तवा आणि भांडं यांच्यामध्ये एक वाळलेलं शीत अडकलं तरी भांडं तिरकं बसतं, टिकली नीट टेकत नाही. एका बाजूला भात लागतो, दुसरीकडे पाणी राहतं. भांड्याचा बाहेरचा तळ ओला असेल तर तेच पाणी तव्यावर चरचरतं आणि पांढरा थर धरतं. भांडं ठेवण्याआधी तळ फडक्याने कोरडा पुसा, ठेवल्यावर डावी-उजवीकडे थोडं फिरवून बसवा. टिकली बोटाने दाबून पाहा, ती खाली जाऊन सहज वर यायला हवी. उतू गेलेल्या पेजेचा थर तिच्या कडेला वाळला की ती अडकते. मग बटण एकतर टिकत नाही किंवा उडायचं नावच घेत नाही. कुकर गार असताना, प्लग काढून, किंचित ओल्या कापडाने पुसला की बऱ्याचदा काम भागतं. पडून पोचा आलेलं भांडं मात्र बदलावंच लागतं, ठोकून सपाट होत नाही.

पेज उतू जात असेल तर तांदूळ कमी धुतलाय किंवा भांडं जास्त भरलंय. तांदूळ-पाणी मिळून अर्ध्या भांड्याच्या वर जाऊ देऊ नका. अर्धा चमचा तूप किंवा तेल फेस बसवतं.

फोडणी आणि खिचडी

मसालेभाताची फोडणी कुकरच्याच भांड्यात करायचा मोह आवरा. कोरडा तळ क्षणात १०३ अंशांपुढे जातो आणि कांदा परतायच्या आतच बटण उडतं. फोडणी कढईत करा, तांदूळ परता, उकळत्या पाण्यासह भांड्यात ओता. गोडा मसाला वर भुरभुरू नका, पाण्यात ढवळून घ्या. तो तळाशी बसला की बटण लवकर उडतं. टोमॅटो, दही, चिंच यांच्या आंबटाने डाळ शिजायला वेळ लागतो, म्हणून आंबट शेवटी. मुगाच्या डाळीची खिचडी याच भांड्यात छान होते: एक कप तांदूळ, अर्धा कप डाळ, साडेतीन ते चार कप पाणी. तूरडाळ मात्र प्रेशर कुकरलाच सोडा. वरच्या जाळीत गाजर-फरसबी वाफवायची तर तुकडे मोठे ठेवा, नाहीतर भाताच्या वेळेत त्यांचा लगदा होतो.

वॉर्मवर तासन् तास

वॉर्मवर भात ६० अंशांच्या वर राहतो तोवर ठीक. दोन-तीन तासांपुढे तो कडेने वाळतो, पिवळा पडतो, वास धरतो. खरा धोका वीज गेल्यावर. भात हळूहळू निवतो आणि बॅसिलस सिरीयस नावाच्या जिवाणूला हवं तेच मिळतं. त्याचे बीजाणू शिजूनही मरत नाहीत, कोमट भातात ते उगवतात, आणि काही वेळा तयार झालेलं विष पुन्हा तापवलं तरी जात नाही. म्हणून उरलेला भात तासाभरात पसरट डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्याच दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. गार होऊन पुन्हा तापवलेल्या भातातला थोडा स्टार्च पचायला जड होतो आणि साखर जरा सावकाश वाढते, हे खरं. पण त्या हिशोबाने दुप्पट भात वाढून घेऊ नये. ताटात वरण, उसळ, भाजी वाढवणं जास्त कामाचं.

दिवाच लागत नाही अशी तक्रार असेल तर आधी दुसऱ्या सॉकेटवर लावून पाहा, मग वायरच्या टोकाची पिन काळी पडलीय का ते बघा. तरीही नाही लागला, तर आतला थर्मल फ्यूज, म्हणजे कुकर फार तापला की वीज तोडणारा तुकडा, उडालेला असण्याची शक्यता मोठी. तो तारेने जोडून कुकर 'चालू' करून देणाऱ्या दुकानातून कुकर तसाच परत आणा आणि त्याच रेटिंगचा नवा फ्यूज बसवणारा कारागीर शोधा.