लांब हातांच्या पोरांनी रिकर्व्ह धनुष्य घेताना

कोल्हापुरात तालमीत वाढलेली सहा फुटी पोरं धनुर्विद्येकडे वळतात, तेव्हा दुकानदाराकडं असेल ते 66 इंची रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढं वळलेलं धनुष्य त्यांच्या हाती येतं. ते घेऊ नका. आधी भिंतीला पाठ लावून दोन्ही हात पसरा, बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजा आणि 2.5 ने भागा. 75 इंच भरलं तर तुमचा ड्रॉ, म्हणजे दोरी ओढायची लांबी, साधारण 30 इंच. इतक्या ओढीला 70 इंची धनुष्य हवं, म्हणजे 25 इंची रायझरला (मुठीच्या मधल्या भागाला) लाँग लिम्ब (वर-खाली बसणाऱ्या लांब पात्या). त्याहून जास्त ओढ असेल तर 27 इंची रायझर लावून 72 करा. आखूड धनुष्यात दोरीचा कोन अरुंद होतो, बोटं चिमटतात, बाण सुटताना हात हलतो आणि शेवटच्या इंचाला जोर एकदम वाढतो.

लिम्बवर लिहिलेलं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, 28 इंच ओढीवर मोजलेलं असतं, हे तर पक्कं ध्यानात ठेवा. पुढच्या प्रत्येक इंचाला साधारण दोन पाउंड वाढतात. 28 पाउंडाचे लिम्ब तुमच्या हातात 32 च्या आसपास जातील. अंगात ताकद आहे म्हणून नवख्यानं जड लिम्ब घेऊ नयेत, खांदा दुखावतो. बाणही लांबच घ्या. आखूड बाण रेस्टवरून (बाण टेकवायच्या जागेवरून) मागं घसरला तर थेट हातात घुसू शकतो.