अस्तराचा वाफसा तपासायचा तर आधी तास मोजा

टेस्ट ट्यूब बेबीच्या (आयव्हीएफ) उपचारात दोनदा गर्भपिशवीत चांगले भ्रूण ठेवले, दोन्ही वेळा रुजले नाहीत. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी 'ईरा' चाचणी सुचवली. माझ्या नवऱ्याला ती माझ्या आधी कळली. म्हणाला, पाऊस पडला की लगेच पेरतो का आपण? वाफसा येऊ द्यावा लागतो. गर्भपिशवीच्या अस्तराचंही तसंच. त्याचा तुकडा काढून दोनशेहून जास्त जनुकं तपासतात. वाफसा आलाय, यायचाय की उलटून गेलाय, ते कळतं.

पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून मला अस्तर जाड करणाऱ्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या होत्या. बाराव्या दिवशी सोनोग्राफीत अस्तर आठ मिलिमीटर, तीन रेघांचं, म्हणजे चांगलं दिसलं. मग अस्तराला वाफशावर आणणारं प्रोजेस्टेरॉन. घोळ इथंच झाला. पहिल्या गोळीपासून १२० तासांनी तुकडा घेतात, अन् मला "संध्याकाळी सुरू करा" एवढंच सांगितलेलं. मी रात्री आठला सुरू केली. पाच दिवसांनी रात्री आठला दवाखान्याला कुलूप! महिना गेला.

म्हणून उलटं मोजा. शनिवारी सकाळी अकराला तुकडा घ्यायचा असेल, तर पहिली गोळी सोमवारी सकाळी अकरालाच. वेळ कागदावर लिहून घ्या, डॉक्टरांना दाखवा. सेलूहून संभाजीनगरला सकाळच्या गाडीच्या भरवशावर निघू नका, आदल्या रात्रीच मुक्कामाला जा. त्या महिन्यात भ्रूण ठेवत नाहीत, ते गोठवलेलेच राहतात. दिवस राहू नयेत याचीही काळजी घ्यायची.

बारीक नळीने तुकडा घेतात. मिनिटभर पाळीसारखी जोरात कळ येते, नंतर थोडे डाग. गर्भपिशवीचा टीबी तपासायलाही तुकडा पाठवायचा का, ते आधीच विचारा, म्हणजे दुसऱ्यांदा टेबलावर झोपायला नको.

एक मात्र स्पष्ट सांगते. पहिल्याच ट्रान्सफरआधी, म्हणजे पहिल्यांदा भ्रूण ठेवण्याआधीच, कुणी ही चाचणी गळ्यात मारत असेल, तर 'कशासाठी?' म्हणून विचारा. २०२२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात मोठी तुलना छापून आली: चाचणीप्रमाणे वेळ ठरवलेल्यांत ५८.५ टक्के बाळंतपणं, नेहमीच्या वेळेला ठेवलेल्यांत ६१.९. फायदा दिसला नाही. बाईंनी हे स्वतःहून सांगितलं, तरी दोनदा हात पोळल्यावर आम्ही केली.

अहवाल अठरा दिवसांनी आला: वाफसा यायचाय, आणखी २४ तास थांबा. ट्रान्सफरच्या महिन्यात तीच औषधं, तोच डोस घेतला. या वेळी मोबाईलवर गजर लावला, अन् सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेनाने तास मांडले.