भरतकामाची फाइल मशीनवर जाण्याआधीच बिघडते: आर्टवर्क आणि रंगांच्या या चुका टाळा

टाके नीट बसले नाहीत की पहिला आळ मशीनवर येतो. धाग्याचं टेन्शन (ताण) कमी-जास्त करतात, सुई बदलतात, बॉबिन बदलतात. मग मशीनला टाके कुठे घालायचे ते सांगणारी डिझाइनची फाइल माझ्याकडे येते, आणि उघडून बघावी तर बहुतेक वेळा घोळ सुई खाली यायच्या आधीच झालेला असतो.

सगळ्यात जास्त डोकं उठवणारा प्रकार म्हणजे व्हॉट्सॲपवर आलेला जेपीजी उचलायचा, सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा आणि ऑटो-डिजिटाइझचं (चित्राचे आपोआप टाके पाडणारं) बटण दाबून मोकळं व्हायचं. लोगो डोळ्याला तीन रंगांचा दिसतो. पण लाल अक्षराची कड झूम करून बघा. लाल आणि पांढऱ्याच्या मध्ये गुलाबी, फिकट गुलाबी, मळकट गुलाबी असे बारीक चौकोन दिसतील. काही कड गुळगुळीत दिसावी म्हणून मुद्दाम घातलेले असतात, काही कॉम्प्रेशनमुळे उमटलेले. सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नाही. ते त्या छटांनाही रंग समजतं आणि अक्षराभोवती अर्ध्या मिलिमीटरच्या चिंध्या तयार करतं. मग प्रत्येक चिंधीला सुरुवातीची गाठ, शेवटची गाठ आणि ट्रिम, म्हणजे धागा कापणं. मशीन दर दोन क्षणांनी थांबतं, कापतं, परत चालतं, मागच्या बाजूला धाग्याचा गोळा जमतो आणि फोन येतो, "मशीन सारखा धागा तोडतंय." मशीन बिचारं सांगितलेलं काम करतंय!

मी जेपीजी फक्त खाली अंथरतो आणि त्यावर कोरलड्रॉ या चित्रं काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये हातानं आकार काढतो. प्रत्येक आकार बंद, प्रत्येक रंग सपाट. वेळ लागतो, लागू दे. जे शिकायला आल्याबरोबर "हे ऑटोनं होत नाही का?" विचारतात, त्यांना मी आधी आठवडाभर नुसतं ट्रेसिंग देतो. गिऱ्हाईकाकडे व्हेक्टर फाइल (ठिपक्यांऐवजी रेषा-आकारांनी बनलेली) जरूर मागा, पण पीडीएफ आली म्हणून लगेच खूश होऊ नका. आत तोच जेपीजी चिकटवलेला असतो, असं कितीदा तरी होतं.

ग्रेडियंट, सावली, ग्लो: काढून टाका. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी.

मापाचं भान न ठेवणं ही दुसरी नेहमीची चूक. स्क्रीनवर लोगो वीतभर दिसतो, खिशावर तो 80 मिलिमीटरांत बसवायचा असतो. म्हणून कागदावर खऱ्या मापात प्रिंट काढा आणि पट्टी लावून बघा. नेहमीचा 40 नंबरचा धागा साधारण 0.4 मिलिमीटर जागा घेतो. त्यामुळे 1 मिलिमीटरपेक्षा अरुंद सॅटिनची (या कडेपासून त्या कडेपर्यंत लगोलग घातलेल्या टाक्यांची) पट्टी धड दिसत नाही, तिथे रनिंग स्टिच, म्हणजे साधा धावदोरा घाला. 7 मिलिमीटरच्या वर गेलेलं सॅटिन कशातही अडकून ओढलं जातं, ते तोडा किंवा फिल करा, म्हणजे जागा लहान टाक्यांच्या ओळींनी भरा. इंग्रजी कॅपिटल अक्षर 5 मिलिमीटरच्या खाली नेऊ नका. अगदीच अडलं तर 60 नंबरचा (40 पेक्षा बारीक) धागा, 65 ची बारीक सुई आणि बिनशेपटांचा फॉन्ट वापरून 4 पर्यंत उतरता येतं. लोगोखालची ती मुंगीएवढी टॅगलाइन मी सरळ उडवतो.

दोन रंग कडेला कड लावून ठेवू नका. छपाईत चालतं. कापडावर टाक्याच्या दिशेनं आकार आखडतो आणि मधून कापड डोकावतं. खालचा रंग वरच्याखाली थोडा सरकवा, शिवाय 0.2 ते 0.4 मिलिमीटर पुल कॉम्पेन्सेशन द्या, म्हणजे आखडण्याच्या हिशेबानं आकार आधीच तेवढा रुंद करा. टी-शर्टच्या ताणल्या जाणाऱ्या कापडाला वरचा आकडा.

आता रंग. डीएसटी, म्हणजे मशीनला द्यायच्या टाक्यांच्या फाइलमध्ये रंग नसतात. रंगांबद्दल मशीननं कुठे थांबून दुसऱ्या धाग्याच्या सुईवर जायचं, एवढंच त्यात असतं. स्क्रीनवर दिसतात ते रंग सॉफ्टवेअर किंवा मशीन आपल्या मनानं भरतं. हे ऐकून सगळे मान हलवतात आणि रंगांची यादी तरीही अर्धवटच पाठवतात. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात टोप्यांची मोठी ऑर्डर होती. डिझाइनमध्ये पाच थांबे होते: निळी ढाल, पांढरा पट्टा, लाल, पिवळा आणि शेवटी ढालीवर पुन्हा पांढऱ्यात नाव. पंचिंग करणाऱ्यानं, म्हणजे डिझाइनचे टाके पाडणाऱ्यानं चिठ्ठीवर लिहिलं, "निळा, पांढरा, लाल, पिवळा." त्याच्या मते रंग चारच होते ना! पाचवा थांबा आला तेव्हा ऑपरेटरनं यादी परत पहिल्यापासून धरली. निळ्या ढालीवर निळं नाव. समोरून बघितलं तर कोरी ढाल, टोपी तिरकी धरली की चमकेवर अक्षरं उमटायची. घाईत सॅम्पल कुणी काढलंच नव्हतं. पॅकिंगला बसलेल्या बाईंच्या लक्षात येईपर्यंत अर्धी ऑर्डर शिवून झाली होती.

यादी रंगांची करू नका, थांब्यांची करा. पहिला थांबा, दुसरा थांबा, प्रत्येकासमोर धाग्याच्या कंपनीचं नाव आणि शेड नंबर. तोच रंग परत आला तर परत लिहा. आणि एकच रंग उगाच दोनदा येत असेल तर क्रम बदलून थांबे कमी करता येतात का, तेही बघा.

शेड मोबाइलच्या स्क्रीनवरून कधीच ठरवू नका. पॅन्टोन नंबर (छपाईतल्या रंगाचा ठरलेला क्रमांक) दिला तरी धाग्यात मिळते ती जवळची शेड, तीच नव्हे. धागा चमकतो, टाक्याची दिशा बदलली की तोच निळा गडद किंवा फिका भासतो. मी शेड कार्ड बघून रीळ काढतो, त्याचे दोन-चार पदर खऱ्या कापडावर आडवे ठेवतो आणि खिडकीशी नेऊन बघतो. नेव्ही आणि काळा यांची अदलाबदल ट्यूबलाइटखालीच होते.

गडद कापडावर पांढरा किंवा पिवळा घालताना अंडरले (खाली आधाराला घालायचे टाके) न दिल्यास रंग मळका दिसणार. धाग्याला दोष देऊ नका.

मूळ एडिट होणारी फाइल जपून ठेवा. डीएसटी थेट मशीनवर मोठी केली तर बहुतेक ठिकाणी टाके तेवढेच राहतात, फक्त लांब आणि विरळ होतात. लहान केली तर दाटून सुई अडते. दहा टक्क्यांच्या आत भागतं. त्यापुढे मूळ फाइल उघडून नव्यानं टाके पाडा, आणि लहान अक्षरं त्या मापात टिकतात का ते परत पट्टी लावून बघा.