परदेशातल्या आशियाई दुकानातली अनोळखी फळं कशी ओळखायची

आपल्या जळगाव-धुळ्याकडचे किती तरी आईवडील आता पोरांकडे अमेरिका-कॅनडाला महिनोन्‌महिने राहून येतात. तिकडच्या आशियाई किराणा दुकानात फळांच्या रॅकसमोर उभं राहिलं की मात्र काही सुधरत नाही, पाट्या चिनी नाहीतर व्हिएतनामी, पोरगा ऑफिसात, विचारणार कोणाला. त्यांच्यासाठी हे लिहितोय. रंगावर जाऊ नका, त्या फळाची भावकी शोधा. साल कशी, देठ कसं, बूड कसं आणि आत बी कशी एवढं नीट बघितलं की बऱ्याच फळांचं नातं आपल्याकडच्या एखाद्या झाडाशी लागतं.

सगळ्यात सोपी सीताफळाची भावकी. हिरवं फळ, डोळे चपटे, बोटांचे ठसे उमटल्यागत दिसतं ते चेरिमोया. त्याचा आणि सीताफळाचा संकर म्हणजे अटेमोया. आणि मोठं, लांबट, मऊ वाकड्या काट्यांचं ते सावरसॉप. तिघांत पांढरा गर आणि काळ्या बिया. कडक असलं तर घरात बाहेरच पिकू द्या, कच्चं फ्रीजमध्ये टाकलं की नीट पिकत नाही. बिया विषारी असतात, ज्यूस करताना मिक्सरमध्ये जाऊ देऊ नका.

मग रिठा. हो, केस धुतो तोच रिठा. लिची, रंबुतान आणि लाँगन हे सगळे त्याच्याच कुळातले. लाल, केसाळ ते रंबुतान, केसांची टोकं हिरवट असली तर ताजं, केस काळे पडून वाळले असले तर सोडून द्या. लाँगन मातकट रंगाचं, छोटं, काड्यांसकट जुडीत मिळतं. नखाने साल काढली की आत पारदर्शक गर आणि एकच बी, ती खायची नाही. नातवंडांना ही फळं रिकाम्या पोटी भरपूर देऊ नका, कच्ची तर नकोच. बिहारमधल्या मुझफ्फरपूरला पोरं दगावत होती त्याचा २०१४ साली अभ्यास झाला, त्यात लिचीतलं हायपोग्लायसिन (रक्तातली साखर उतरवणारं द्रव्य) आणि रात्री न जेवता झोपणं यांचा संबंध सापडला.

मँगोस्टीन मात्र मला सगळ्यात आवडतं. जांभळं, गोल, वर जाड हिरव्या पाकळ्यांची टोपी, आमसूल ज्याचं करतात त्या रातांब्याचा सख्खा भाऊबंद. उलटं करून बूड बघा, तिथे छोटं फूल कोरल्यासारखी खूण असते, तिच्या जितक्या पाकळ्या तितक्याच आत पांढऱ्या फोडी, घरी मोजून बघाच. अंगठ्याने दाबल्यावर साल थोडी दबली पाहिजे, दगडासारखं झालेलं जुनं असतं. सालीचा डाग कपड्यावरून जात नाही, साडी सांभाळून फोडा.

डुरियन बघून सगळे फणस म्हणतात, तो फणसाचा कोणी नाही. फणसाचे काटे बोथट, याचे हाताला टोचतात. हा निघाला आपल्या कापूस-भेंडीच्या कुळातला, आणि पिकल्यावर कापसाच्या बोंडासारखाच शिवणींवर उकलतो. वास फार उग्र, लोकांच्या अपार्टमेंटमध्ये फोडायच्या आधी घरच्यांना विचारा.

ड्रॅगन फ्रूट निवडुंगाचं फळ, आता आपल्याकडेही मिळतं. पाच धारांचं पिवळं फळ, आडवं कापलं की चांदणी, ते कमरख, आणि इथे खरंच लक्ष द्या, किडनीचा त्रास असलेल्याने ते अजिबात खाऊ नये, उचक्या लागून झटके येतात, जीवही जाऊ शकतो. ज्यूससुद्धा नको.

तरी कळलंच नाही तर स्टिकर बघा. त्यावरचा चार आकडी नंबर फळाचा असतो, मोबाईलवर टाकला की नाव येतं. रावेर-यावलवाल्यांनी ४०११ लक्षात ठेवा, ते पिवळं केळं, त्याच्या आधी ९ लागला की सेंद्रिय.

डब्यातला फणस घेताना पाकातला आणि मिठाच्या पाण्यातला वेगळा बघून घ्या. मिठाच्या पाण्यातला कोवळा असतो, दोनदा धुऊन पिळून काळ्या मसाल्यात टाका, भाजी मस्त होते.