सखल बांधीत पाणी तुंबतं? या चुका टाळा

नागपूर जिल्ह्यातला पेंचच्या कालव्याखालचा मौदा-रामटेक भाग असो की कुहीकडचा, नाल्यालगतच्या धानाच्या बांध्यांचं, म्हणजे भातखाचरांचं, रडगाणं एकच: रोवणी झाली की पाणी हटत नाही. त्यावर पहिला उपाय काय, तर धुरा, म्हणजे कडेचा बांध, उंच करा! नाल्याचं पाणी चढतं तिथे धुरा हवाच. पण पाऊस आतच पडतो, भारी काळी जमीन तो लवकर जिरवत नाही, मग उंच धुऱ्यामागे पाणी अडूनच राहतं. आधी निकास पाहा, माती नंतर टाका.

निकासातही घोटाळा होतो. पाईप बसवतात बांधीच्या तळाशी. नाला भरला की त्याची पातळी पाईपाच्या वर जाते आणि पाणी उलटं आत शिरतं. मिस्त्रीकडची लेव्हलची पारदर्शक नळी आणा. नाल्याकाठच्या झाडाच्या बुंध्यावर पुराच्या गाळाची रेघ असते, ती आणि बांधीचा तळ ताडून पाहा. रेघ वर असेल तर पाईपाच्या नाल्याकडच्या तोंडाला वरून बिजागरीचं झाकण लावा. कोकणात खारबंदिस्तीच्या, म्हणजे समुद्राचं खारं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या, उघाडीचं (पाणी सोडायच्या मोरीचं) दार असंच चालतं: भरतीला बाहेरच्या दाबाने मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर पडतं. झाकणात काडीकचरा अडकला तर मात्र सगळं मुसळ केरात, म्हणून मोठ्या पावसाआधी साफ करा.

कोकणातलं सगळंच उचलू नका. खारजमिनीत मीठ धुऊन निघावं म्हणून पावसाचं गोडं पाणी मुद्दाम धरून ठेवतात. आपला प्रश्न मिठाचा नाही.

शेजाऱ्याच्या बांधीत तोंड फोडणं हा निकास नव्हे. ते भांडण तहसीलदारापर्यंत जातं.

धान पिवळं पडलं की युरिया फेकायची घाई होते. तुंबलेल्या पाण्यात तो बराचसा वाया जातो. आधी एक रोप उपटा. मुळं पांढरी-तांबूस असतील तर ठीक. काळी असतील आणि सडक्या अंड्यासारखा वास आला, तर पाणी काढा, चिखलाला बारीक भेगा पडू द्या, नवी पांढरी मुळं दिसली की मग युरिया. पानांवर तांबूस-तपकिरी ठिपके असतील तर बहुधा जस्त कमी पडतंय, एकरी 10 किलो झिंक सल्फेट द्या. पाणी साचून राहिलं की तुडतुड्यांचंही फावतं.

कापणीच्या 8-10 दिवस आधी बांधीच्या निकासाचं तोंड उघडा, भारी जमिनीत थोडं आणखी आधी. नाहीतर हार्वेस्टर रुततो आणि ऐन हंगामात मजूर शोधत फिरावं लागतं.