डुकरांचा खोकला थांबवायचा तर आधी शेडची हवा सुधारा

मायकोप्लाझ्मा हायोन्युमोनिए हा डुकरांना खोकला लावणारा जंतू जगभरातल्या बहुतेक कळपांत आढळतो. त्यामुळे नुसता खोकला येणार की न्यूमोनिया होऊन वाढ खुंटणार, हे बरेचसे शेडवर ठरते. औषध देतानाच ही कामेही हातात घ्या.

१. पहाटे, शेड उघडण्याआधी, आत जाऊन खाली बसा. डुकराचे नाक असते त्या उंचीवर श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर अमोनिया फार झाला. वासावर मात्र विसंबू नका, नाकाला त्याची लवकर सवय होते. मीटरने मोजा: २० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २० भाग) खाली हवाच, १० च्या आत असेल तर उत्तम. श्वासनलिकेतले सूक्ष्म केस धूळ आणि जंतू बाहेर ढकलतात. अमोनिया त्यांना दुबळे करतो आणि मायकोप्लाझ्मा नेमका त्यांनाच चिकटतो. मग एरवी निरुपद्रवी राहिलेले पाश्चरेलासारखे जंतूही फुप्फुसात उतरतात.

२. शेण-मूत्र रोज काढा. ओल साचू देऊ नका.

३. थंडीत शेड गच्च बंद करू नका. सर्वांत जास्त नुकसान इथेच होते, कारण ऊब राखण्याच्या नादात दमट, घाण हवा आतच कोंडते. छताखाली पाणी ठिबकू लागले की समजा, हवा खेळत नाही. वरची झडप थोडी उघडी ठेवा, पण झोत पिल्लांच्या अंगावर येऊ देऊ नका. पिल्ले एकमेकांवर रचून झोपत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे. नुकतेच दूध तोडलेल्यांना साधारण २८ अंश ऊब लागते.

४. कप्प्यातली सगळी डुकरे एकाच वेळी आडवी पसरून झोपू शकली पाहिजेत. मोठी डुकरे आणि पिल्ले एकाच हवेत ठेवू नका. मोठ्यांकडूनच लहानांना लागण होते. तुकडी एकत्र आणा, एकत्रच हलवा, मग शेड धुऊन पूर्ण वाळू द्या. वाळवण्याची घाई करू नका.

५. कोरड्या खाद्याची धूळ उडत असेल तर त्यात थोडे खाद्यतेल मिसळा.

यानंतर डुकरांना उठवून काही मिनिटे खोकला मोजा आणि आठवड्यागणिक आकडा लिहून ठेवा. कत्तलीनंतर फुप्फुसेही पाहा: पुढच्या-खालच्या भागात जांभळट-करडे, घट्ट डाग असतील तर रोग अजून आहे. ताप, धाप किंवा नाकातून रक्तमिश्रित फेस दिसला तर त्याच दिवशी पशुवैद्यांना बोलवा.