खाऊच्या पैशांतून मुलांना निर्णय घ्यायला कसं शिकवावं?

‘शहाण्यासारखं वाग’ असं आपण मुलांना सतत सांगतो, पण ते शहाणपण वापरायला त्यांच्या हाती काहीच ठेवत नाही. कपडे आपण काढून देतो, छंदवर्ग आपण निवडतो, मैदानावर किती वाजता जायचं तेही आपणच ठरवतो. निर्णय घेणं सरावानेच येतं आणि हा सराव लहानपणीच सुरू झालेला बरा, कारण तेव्हा चूक स्वस्तात पडते.

तीन-चार वर्षांच्या मुलाला ‘काय खाणार?’ असं मोघम विचारू नका. ‘पोळी गूळतुपाशी की भाजीशी?’ असं विचारा. दोन्ही पर्याय तुम्हाला चालणारे हवेत. औषध घेणं, रस्ता ओलांडताना हात धरणं हे विचारायचे विषयच नाहीत. ‘औषध घेशील का?’ विचारून, नाही म्हटल्यावर बळेच पाजलं, तर आपल्या मताला काडीची किंमत नाही एवढंच मूल शिकतं.

पहिली-दुसरीपासून खाऊचे पैसे द्या. रक्कम घराला झेपेल तेवढी, वार ठरलेला. वह्या-पुस्तकं आणि डबा तुमच्याकडे. स्टिकर, चॉकलेट, बर्फाचा गोळा त्याच्या पैशांतून.

यापुढे कसोटी मोठ्यांची. शनिवारी सगळे पैसे चमचमत्या पेनावर उडतात, मंगळवारी पेन उमटेनासं होतं आणि बुधवारी शाळा सुटल्यावर मित्र गोळा खात असताना आपलं लेकरू डोळे भरून उभं असतं. अशा वेळी आजीचा हात बटव्याकडे जाणारच, म्हणून आजी-आजोबांना आधीच विश्वासात घ्या. उसने द्यायचे नाहीत, पुढच्या आठवड्याचे आगाऊ द्यायचे नाहीत. आणि ‘तरी मी सांगत होते’ हे वाक्य तर तोंडातून काढूच नका. त्याने मूल पेनाचा विचार सोडून आपल्यावर चिडतं. जवळ घ्या. रात्री निवांतपणे विचारा, ‘पुढच्या वेळी दुकानात काय बघशील?’ ‘आधी कागदावर चालवून बघीन’ असं उत्तर आलं, तर त्या दिवशी तेवढं पुरे.

स्वतःचे निर्णयही मोठ्याने बोलून दाखवा. मंडईत म्हणा, ‘टोमॅटो फार महाग झालेत, आज आमटीत आमसूल घालू.’

10 वर्षं पूर्ण झाल्यावर मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खातं उघडता येतं आणि ते स्वतः चालवताही येतं. बॅट, सायकल अशी मोठी वस्तू हवी असेल तर ती वहीत लिहून आठवडाभर थांबायचं, असा घराचा नियम ठेवा. मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो, म्हणून तोवर थांबायची सवय घरानेच लावायची.

दहावीनंतर शाखा निवडताना घाई करू नका. अकरावीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. प्रत्येक मुख्य विषयाचा एक धडा मुलाला वाचू द्या आणि कुठला धडा आपणहून पूर्ण करावासा वाटला, ते त्याच्याकडूनच ऐका.